सातव्या सिलिंडरचं पाणी

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या बदलल्या. मग कार्यालयं आली, कार्यालयांसाठी साहेब आले, साहेबांसाठी जीपगाड्या आल्या. रस्ते मात्र जुन्याच जिल्ह्याचे राहिले. त्यामुळे नांदेड रोडवरच्या शेषेरावच्या गॅरेजला बरे दिवस आले. स्प्रिंगांचे पाटे तुटायचे, सायलेन्सर गळून पडायचे, आणि साहेब लोक त्याच्या बाकड्यावर बसून जिल्ह्याच्या विकासावर बोलायचे.

जिल्हा आला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं कृषी खात्याचे साहेब त्याच बाकड्यावर बसून सांगायचे. कुणी संबंध आहे म्हटलेलं नव्हतं, तरी सांगायचे.

गॅरेजच्या मागे शेषेरावचं घर आणि दोन्हींच्या मधे विहीर. ही विहीर त्याच्या वडिलांनी खणलेली. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी दोन कामं केली: गावातला देव्हारा उचलून ठेवला आणि लातूरला येऊन जमीन घेऊन विहीर खणली. त्याआधी त्यांची आई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून, कुणी वरून ओतेल म्हणून उभी राहायची. आता त्या उन्हाळ्यात नांदेड रोडच्या पाच-सहा गल्ल्यांत पाणी राहिलेली विहीर ही एकच होती, आणि पाच-सहा गल्ल्या तिच्यापुढे रांगेत उभ्या होत्या. समोरच्या माडीवरच्या चतुराबाई, ज्या या दारावरून जाताना पदर आवरून घ्यायच्या, त्या दोन घागरी घेऊन सगळ्यांच्या आधी यायच्या.

शेषेरावची बायको पारूबाई काठावर लोखंडी खुर्ची टाकून बसायची. रांग तिच्या शब्दावर हलायची. कलेक्टरच्या शब्दावर अजून तेवढं काही हलत नव्हतं.

शेषेराव आयटीआय शिकलेला, देव न मानणारा माणूस. गॅरेजच्या दारावर लिंबू-मिरची नाही, आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. गिऱ्हाइकानं नारळ आणला तर तो म्हणायचा, "इंजिनाला ऑइल लागतं. हे घरी नेऊन चटणी करा." पण सकाळी ब्रशने दात घासत तो त्या रांगेकडे बघायचा तेव्हा छातीत जे व्हायचं, त्याला त्याच्याकडे श्रद्धेशिवाय दुसरं नाव नव्हतं.

गाडी आली ती चैत्रात, ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून, नांदेडहून.

ती हणमंतरावांनी घेतली होती. हणमंतराव म्हणजे निलंग्याकडचे पुढारी. जिल्हा नवीन, खुर्च्या नवीन, आणि त्यांना ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या नजरेत भरायचं होतं. गाडी अमेरिकन, दोन दारांची, बॉनेट इतकं लांब की त्यावर बाज टाकून माणूस झोपवावा. कंपनीच्या नावाची अक्षरं कुणीतरी कधीच उचकटून नेलेली. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या पोराने ती शिकून येताना जहाजातून आणली, दुरुस्तीला नांदेडला टाकली आणि तो परत गेला तो गेलाच.

"मिस्तरी, आठ सिलिंडर हायत म्हणं," हणमंतराव म्हणाले. "आठच्या आठ बोलले पाहिजेत. पार गोलाईच्या चौकात ऐकू गेलं पाहिजे."

"कुणी पाठवलं माझ्याकडं?"

"ज्याच्या वाड्यात उभी होती त्यानंच. खैरुद्दीन उस्ताद. म्हणला, लातूरला माझा शागीर्द हाय, त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

शेषेरावने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

नांदेडला इतवाऱ्यात तो काम शिकायला गेला तेव्हा दोन गॅरेजांनी त्याला ठेवून घेतलं होतं, पण पाण्याचा डेरा दाखवला नव्हता. तिसरं गॅरेज खैरुद्दीन उस्तादचं. उस्तादने पहिल्या दिवशी अर्धा चहा स्वतः पिऊन उरलेला तोच कप त्याच्यापुढे सरकवला. "पी. मेरेकू कौनसी बीमारी नै." बाकीचं सगळं त्याच कपानंतर शिकला. अधुरं काम सोडायचं नाही, गिऱ्हाइकाला कळो न कळो, हे वाक्य तर उस्तादने पान्याने बोटांवर मारून शिकवलं होतं. अशा माणसाने दहा-बारा वर्षांनी नाव काढलं, तर शागीर्द नाही म्हणत नाही. ते त्या धंद्यात बसत नाही.

त्याने इंजिन खाली उतरवलं. हेड उघडलं, तेव्हा त्याला पहिला धक्का बसला.

आठ सिलिंडरपैकी सातव्यात पिस्टनच नव्हता. क्रँकवरची त्याची जागा पितळी पट्टीने गुंडाळून रिपीटचे खिळे मारून बंद केलेली, तेलाचं भोक बुजवलेलं. झडपा उघडणाऱ्या सळ्याही काढलेल्या. काम इतकं सफाईदार की बघत राहावं. आणि ब्लॉकच्या कडेला पंचने मारलेले तीन ठिपके. ती उस्तादची खूण होती.

म्हणजे उस्तादने गाडी सातावर चालवून आठाची म्हणून उभी केली होती. शेषेराव बराच वेळ त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. लोक फसवतात हे त्याला माहीत होतं, गॅरेजवालाच होता तो. पण हा माणूस फसवतो, हे कुणी त्याला समोर बसवून सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पिस्टन डिकीत सापडला, कनेक्टिंग रॉडसकट, गोणपाटात बांधलेला. चैत्राच्या उन्हात डिकीचा पत्रा हाताला पोळत होता. गोणपाट ओलं होतं. ऑइलने नव्हे. त्याने पिळून बघितलं तर पाणी निघालं.

सातव्या सिलिंडरच्या बोअरच्या तळालाही ओंजळभर पाणी होतं, स्वच्छ. ब्लॉकला चीर असणार, असं म्हणून त्याने सगळे मार्ग बंद करून आत हवेचा दाब दिला आणि साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. हैदराबादहून नवी गॅस्केटं मागवली, बोअर घासून घेतले, रिंगा बदलल्या, पितळी पट्टी कापली आणि सातवा पिस्टन त्याच्या जागी बसवला. बसवताना तो हाताला माठासारखा गार लागला.

ज्येष्ठात इंजिन लोखंडी घोडीवर चढवून त्याने पहिल्यांदा चालू केलं. आवाज असा आला की चतुराबाईंच्या माडीवरची भांडी वाजली आणि विहिरीवरची रांग मागे वळून बघायला लागली. पारूबाईने तोंडाला पदर लावला. "अवं, हे इंजिन हाय का वळू?"

शेषेराव आधी हसला. मग तपासणी सुरू केली. चालत्या इंजिनाच्या एकेका प्लगची वायर चिमट्याने उपसायची. त्या सिलिंडरचं काम चालू असेल तर इंजिन दचकतं, मंदावतं. पहिल्याला दचकलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला. सातव्याची उपसली, तर काही नाही. ठेका तसाच.

सातवा मेलेला आहे, असा अर्थ. त्याने तो प्लग काढून बघितला. काजळी नाही, पेट्रोल नाही. धुऊन ठेवल्यासारखा, वर पाण्याचा थेंब.

मग त्याने उलटं करून बघितलं. सातवा सोडून बाकीच्या सगळ्यांच्या वायरी एकामागून एक काढल्या. इंजिन मंदावत गेलं, पण बंद पडलं नाही. शेवटी त्याने सातव्याचीही काढली. मग पेट्रोलची नळी काढली.

इंजिन हळूहळू, एकेक ठोका टाकत, चालत राहिलं. कुणीतरी खोलवरून बादली शेंदावी तसा आवाज होता.

कार्बन तापून लाल झाला असेल, शेषेराव मनात म्हणाला. तापलेला कार्बन ठिणगीचं काम करतो, पुस्तकात आहे. त्याने सातव्याजवळच्या लोखंडाला हात लावला. पुस्तकात नव्हतं तेवढं ते गार होतं. फडक्याने कार्बोरेटरचं तोंड दाबून धरलं तेव्हा कुठे ते थांबलं.

चार-पाच दिवसांनी पारूबाईने विहिरीच्या दोराला जुन्या लुगड्याचा तुकडा गाठ मारून जोडला.

"का गं?"

"पुरंना झालाय. पानी खाली गेलंय. लोकं लई भरून राहिलीत."

शेषेराव शिकलेला माणूस. त्याने विहिरीच्या आतल्या दगडावर चुन्याने रेघ ओढली. ज्या दिवशी इंजिन लावलं नाही, त्या दिवशी रांग तेवढीच असून पाणी रेघेला राहिलं. ज्या दिवशी तासभर लावलं, त्या दिवशी रेघेखाली दगडाचा ओला पट्टा दिसला. त्याने पुन्हा करून बघितलं. आणि पुन्हा. त्याला वाटत होतं तेच दर वेळी झालं, आणि त्याला जे वाटत होतं ते बाकड्यावरच्या कुठल्याच साहेबाला सांगण्यासारखं नव्हतं. रेडिएटरमध्ये पहिल्या दिवसानंतर त्याने थेंब टाकला नव्हता. तो काठोकाठ असायचा. वरच्या नळीतून वाहून खाली डबकं व्हायचं, आणि पारूबाई म्हणायची, "लोकं मराया लागली आन तुमी गाडीला आंघुळ घालून राहिलाव."

आषाढाच्या तोंडावर बादली तळाच्या दगडावर आपटली. तो आवाज सगळ्या रांगेला ऐकू गेला. घागरी उचलून एकेक जण निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव नांदेडच्या एस.टी.त बसला. लोहा गाव मागे पडलं तरी दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगा पडून उताणी पडलेली. गाडीत लोक पाण्याशिवाय कशावरच बोलत नव्हते, त्यामुळे कुणी बोलतच नव्हतं.

इतवाऱ्यातल्या त्या वाड्यात शिरला आणि तो दारातच थांबला. अंगण शिंपलेलं होतं. ओल्या मातीचा वास येत होता. कोपऱ्यातलं पेरूचं झाड, जे एवढ्या दुष्काळात वाळून सरपण व्हायला हवं होतं, त्याला कोवळी पानं फुटली होती.

खैरुद्दीन उस्ताद बाजेवर बसला होता. दाढी पांढरी झालेली, हात तसेच रुंद.

"आया क्या," तो म्हणाला. आश्चर्य नाही, आनंद नाही. "बैठ. पानी पी."

त्याने स्वतः उठून अंगणातल्या विहिरीतून बादली काढली. दोर जेमतेम हातभर आत गेला. शेषेरावने ग्लास घेतला आणि गटागटा पिऊन टाकला, कारण तहान लागली होती. पिऊन झाल्यावर त्याला चव कळली. त्याच्या घरच्या विहिरीला शेवटी जराशी खारट चव होती. पाच-सहा गल्ल्यांत ती चव दुसऱ्या पाण्याला नव्हती.

त्याने ग्लास खाली ठेवला.

"सातवा तुम्ही काढलात," तो म्हणाला.

"हौ. बहात्तरके सूखेमें. कुएका पानी उतरना रुक्या. चढ्या नै."

"मग मला का नाही सांगितलं?"

उस्ताद पेरूकडे बघत राहिला. "बोलता तो तू लेता क्या?"

"मी तो बसवला नसता."

"बिठायेगा, मालूम था मेरेकू." उस्तादने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "अधुरा काम छोडनेका नै, ये कौन सिखाया तेरेकू? मैंच सिखाया. दूसरे किसीकू भेजता, तो वो सातपेच चलाके दे देता. मेरा पानी नै आता."

बाजेच्या मागे कुणी बाई भांडी घासत होती. पाणी मोकळ्या हाताने वापरत होती.

"माझ्या घरी विहीर आहे, माहीत होतं तुम्हाला?"

"हौ," उस्ताद म्हणाला. "दस-ग्यारा साल मस्जिदके नलपे बाल्टी लेके खड्या मैं. बुढ्ढा आदमी." आणि मग, जणू वंगणाचा डबा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं, "गाडी नै भेज्या रे मैं. पानी बुलाया."

शेषेराव उठला. उस्तादने चहा विचारला. तो नाही म्हणाला. वाटेत एस.टी. पंक्चर झाली, सगळे उतरून सावलीला उभे राहिले. तो बसूनच राहिला.

घरी येऊन त्याने सातवा पिस्टन काढला. पितळेची नवी पट्टी कापून क्रँकला गुंडाळली, रिपीट मारले. काम सफाईदार झालं. विहिरीचं उतरणं थांबलं, कारण उतरायला काही उरलं नव्हतं.

आता नांदेड रोडला टँकर यायचा. तो शेषेरावच्या दारात थांबत नसे, चतुराबाईंच्या माडीखाली थांबे. पारूबाई घागर घेऊन रांगेत जाऊ लागली. एके दिवशी शेषेराव गॅरेजच्या दारातून बघत होता. टँकरची नळी सुटली, गर्दी पुढे सरकली, आणि चतुराबाईंनी पारूबाईची घागर पायाने बाजूला सारली. खाली न बघता. एवढंच.

"गर्दी हुती," पारूबाई घरी येऊन म्हणाली. "पाय लागला आसंल."

लोखंडी खुर्ची अजून विहिरीच्या काठावर होती. तिने ती उचलून आत नेली आणि त्यावर धुणं ठेवलं.

मिरवणूक झाली. हणमंतराव हार घालून त्या लांबलचक गाडीत उभे राहिले, गोलाईला दोन वेढे घातले, फटाके वाजले. आठापैकी एक कमी आहे हे कुणाला कळलं नाही. नव्या जिल्ह्यात त्याची सवय होती. पण हणमंतरावांना कळलं.

"मिस्तरी, लंगडते गाडी," ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. "मला काय कळत न्हाई आसं समजू नका. आता म्या तिला निलंग्याला नेऊन राहिलो, शेतात ठेवणार. तिकडं हाय का कुणी नीट हात लावणारा?"

शेषेराव रेडिएटरचं झाकण पुसत होता.

निलंग्यात लिंबाजी होता. लिंबाजी पारूबाईचा धाकटा भाऊ, तीन वर्षं याच गॅरेजमध्ये शिकून गेलेला. दाजींचा शब्द कधी खाली पडू न देणारा. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज, गॅरेजमागे घर, घरामागे विहीर. पारूबाई लहानपणी त्याच विहिरीत पोहायला शिकली होती. गेल्या आठवड्यातच त्याचा निरोप होता, की इकडे अजून पुरुषभर पाणी आहे, अक्काला चार दिवस पाठवा.

आतून धुणं पिळल्याचा आवाज आला. फार थोडं पाणी खाली पडलं.

"हाय," शेषेराव म्हणाला. "माझा मेव्हणा, लिंबाजी. त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

"नक्की जमंल का त्याला?"

"माझ्या हाताखाली शिकलाय."

त्याने पिस्टन गोणपाटात बांधून डिकीत ठेवला. ब्लॉकच्या कडेला, तीन ठिपक्यांच्या शेजारी, पट्टी बसवताना मारलेली त्याची स्वतःची खूण होती. ती त्याने कानशीने घासून काढायला घेतली. अर्धी घासली. मग राहू दिली. लिंबाजीला ती खूण ओळखीची होती, आणि ओळखीची खूण असली की मिस्तरी जास्त मन लावून काम करतो.

पोळा झाला. पाऊस नाही. मग एका दुपारी पारूबाई ओरडत गॅरेजमध्ये आली. तिला बोलता येईना. तिने त्याचा तेलकट हात धरला आणि ओढत विहिरीवर नेलं.

तळाला पाणी होतं. आभाळाचा गोल तुकडा त्यात दिसत होता.

"झरा फुटला वं!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पुसतही नव्हती. "लिंबाजीला कळवा. मायला कळवा. म्हणावं, आता तुमीच इकडं या." ती खुर्ची आणायला आत पळाली.

शेषेराव काठावर वाकला.

पाणी नुसतं चढत नव्हतं. चढताना थरथरत होतं. मधोमध बारीक वर्तुळं उठत होती आणि भिंतीला जाऊन विरत होती. एक, मग दुसरं, मग पाठोपाठ. वीतभर दगड भिजला. अजून थोडा.

त्याने वर्तुळांकडे बराच वेळ बघितलं. ठेका इंजिनाचा होता, आणि जरा अडखळत होता. टायमिंग केसभर मागे होतं.

मग तिकडे निलंग्याला कुणीतरी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला असावा. वर्तुळं एकसारखी झाली. एकही ठोका चुकत नव्हता.

लिंबाजीचा हात चांगला होता.